एरर गेली, पण जुना भाव काही जाईना!

प्रश्न : भाऊ नमस्कार, मी रावेर तालुक्यातला. आमच्याकडच्या केळीवाल्यांसाठी भावाचं साधं पेज केलंय, टेबलात बऱ्हाणपूर, रावेर, सावदा अशा ओळी. पहिल्या तीन-चार ओळी मी हाताने एचटीएमएलमध्येच लिहिल्यात, बाकीच्या जावास्क्रिप्टने अपेंडचाइल्ड (टेबलच्या शेवटी जोडायची आज्ञा) करतो. 'ताजे भाव' बटण दाबलं की जुन्या ओळी काढून नव्या टाकायच्या, तर नोटफाउंडएरर यायची आणि सगळं तिथंच अडकायचं. मित्र म्हणे ट्राय-कॅच लाव (एरर आली तरी ती पकडून कोड पुढे चालू ठेवतं ते), मी लूपच्या आत लावला. लाल एरर गेली, पण आता काही ओळी निघतात आणि काही बसूनच राहतात, परवा एक जण जुना भाव बघून व्यापाऱ्याशी भांडून आला ना भो! ओळ डोळ्यासमोर दिसतेय तरी ब्राउझर 'सापडली नाही' कसं म्हणतो?

उत्तर : ओळ सापडली नाही असं तो म्हणतच नाहीये भाऊ, तो म्हणतोय की ही ओळ 'या टेबलची' लेकरू नाही. तुम्ही लिहिलं असणार टेबल.रिमूव्हचाइल्ड(ओळ), बरोबर? आता पेज उघडा, एफ-१२ दाबा, एलिमेंट्समध्ये टेबल उघडून बघा, तुम्ही कधीच न लिहिलेला टीबॉडी, म्हणजे ओळी पोटात घेणारा टॅग, तिथं बसलेला दिसेल. 'व्ह्यू सोर्स'मध्ये दिसणार नाही, कारण तो फाइलीत नाहीच, एचटीएमएल वाचताना ब्राउझर स्वतःहून घालतो. म्हणजे हाताने लिहिलेल्या ओळींचा बाप टीबॉडी, टेबल त्यांचा आजोबा, आणि रिमूव्हचाइल्ड फक्त बापाचंच ऐकतं. अपेंडचाइल्डने टाकलेल्या ओळी मात्र थेट टेबललाच चिकटतात, तिथं ब्राउझर मध्ये काही घालत नाही, म्हणून त्या मुकाट निघतात. 'काही निघतात काही नाही' ते हेच.

इलाज सोपा, ओळ.रिमूव्ह() लिहा, त्याला बाप कोण हे विचारावंच लागत नाही आणि ओळ आधीच निघालेली असली तरी ते ओरडत नाही. नवी ओळ टाकायला टेबलचं इन्सर्टरो() वापरा, ते शेवटच्या ओळीच्या बापाखालीच नवी ओळ घालतं, आणि टेबलात ओळच उरली नसेल तर टीबॉडीत.

पण माझा खरा राग त्या ट्राय-कॅचवर आहे. तुमचा कॅच रिकामा होता ना? मग एरर गेली नाही, तुम्ही तिच्या तोंडावर रुमाल बांधला. बरं ती तुम्हाला नेमकं तेच सांगत होती की ही ओळ या नोडची, म्हणजे इथं टेबलची, नाही! कॅच लावायचाच तर आत निदान कन्सोल.एरर तरी करा, म्हणजे एरर एफ-१२ च्या कन्सोलमध्ये दिसेल, एरर.नेम बघा, जी एरर तुम्हाला अपेक्षित आहे तेवढीच पचवा आणि बाकीच्या परत थ्रो करा, म्हणजे पुढे फेका. जुन्या कोडमध्ये नेमऐवजी एरर.कोड ८ शी ताडलेला दिसला तर दचकू नका, ती हीच नोटफाउंड, १९९८ च्या पहिल्या डॉमपासून (पेजचे भाग कोडने हाताळायचं मानक) तो आकडा चालत आलाय. नव्या कोडमध्ये नावच बघा.

आणि हो, ओळी क्वेरीसिलेक्टरऑलने गोळा करताय ना, मग ठीक, ती यादी बदलत नाही. गेटएलिमेंट्सबायक्लासनेम असेल तर ती यादी जिवंत असते, एक ओळ काढली की मागची पुढे सरकते आणि साधा फॉर लूप एक सोडून एक काढत जातो, तीही एररशिवाय. मी स्वतः त्यात एक अख्खी रात्र घालवलीय.

प्रश्न : शिरपूरहून. बटणावर क्लिक लावायला गेलो की 'नल'ची (म्हणजे 'काहीच मिळालं नाही') एरर येते, आयडी दहादा तपासला, बरोबर आहे.

उत्तर : स्क्रिप्ट हेडमध्ये असेल. ती चालते तेव्हा बटण अजून पेजवर आलेलंच नसतं, म्हणून नल. बाहेरची फाइल असेल तर स्क्रिप्टच्या टॅगला डिफर लावा, म्हणजे पेज वाचून झाल्यावरच ती चालेल, पेजातच लिहिली असेल तर डिफर चालत नाही, बॉडीच्या शेवटी हलवा.