बोर्ड थंडीतच का मरतात?

प्रश्न – सर नमस्कार, अकोल्यात माझं लॅपटॉप रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत एक-दोन बोर्ड असे जातात की कारणच सापडत नाही, म्हणजे काल टेस्ट केला तेव्हा चालू होता आणि आज उचलून लावला तर डेड. पावसाळ्यात असं कधीच होत नाही. मित्र म्हणतो स्टॅटिक आहे, म्हणजे अंगावर साठलेल्या चार्जचा झटका बोर्डला बसतो, पण मला तर बोर्डला हात लावताना कधी झटका बसलेला आठवत नाही. खरंच स्टॅटिक असेल का, आणि त्यासाठी महागडं किट घ्यावं लागेल का?

उत्तर – मित्र बरोबर बोलतोय असं वाटतंय, तुमचा सीझनच सांगतोय ते. तुमच्याकडची थंडी कोरडी, त्यात अंगात स्वेटर, खाली प्लास्टिकची खुर्ची, एरवी हवा दमट असली की अंगावरचा चार्ज आपोआप निघून जातो, तो थंडीत निघतच नाही, साठून बसतो. आणि झटका बसला नाही म्हणजे स्टॅटिक नव्हतं हे तर डोक्यातून काढूनच टाका. माणसाला झटका जाणवायलाच साधारण ३००० व्होल्ट लागतात आणि काही चिप १०० व्होल्टच्या आतच जातात, म्हणजे बोटाला पत्ता लागायच्या आधीच काम तमाम. त्यातही पूर्ण मेलेला बोर्ड परवडला, अर्धमेला नको, तो आज चालतो, गिऱ्हाईक खुशीत घेऊन जातं, महिन्याभराने परत येतं आणि बोलणी आपण खातो.

पण किटच्या आधी एक बघा. सोल्डरिंग आयर्न दोन पिनांचं स्वस्तातलं आहे का? मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक बिटला (आयर्नच्या तापणाऱ्या टोकाला) आणि दुसरं अर्थिंगला लावा, पन्नास-शंभर व्होल्ट दिसले तरी नवल नाही. हे स्टॅटिक नाही, लीकेज आहे, म्हणजे लाइनमधून बिटपर्यंत झिरपणारा करंट, पण चिपला काय फरक पडतो! हा प्रकार बाराही महिने चालतो म्हणून तुमच्या केसमध्ये संशय कमी, तरी तीन पिनांचं आयर्न घ्याच. माझा एक चांगला बोर्ड या दोन पिनांच्या नादात गेलाय.

किट म्हणाल तर रिस्ट स्ट्रॅप (मनगटाला बांधायचा पट्टा) आणि टेबलावर टाकायची अँटिस्टॅटिक मॅट, बास. स्ट्रॅप वायरवालाच घ्या, ते वायरलेस म्हणून ऑनलाइन विकतात ना त्यात पैसे घालू नका, चार्ज जायला वाटच नाही तर जाणार कुठे? वायरमध्ये १ मेगओहमचा रेझिस्टर असतो, तो काढून डायरेक्ट जोडायची हुशारी करू नका. चुकून फेजला हात लागला तर २३० व्होल्टला त्यातून फक्त ०.२३ मिलिअँप जातो, आणि अंगावरचा चार्ज मात्र तेवढ्यातूनही मिलिसेकंदात उतरतो. पट्टा उघड्या कातडीला हवा, शर्टाच्या बाहीवर नाही. स्ट्रॅप मॅटला आणि मॅट अर्थिंगला, न्यूट्रलला कध्धीच नाही, आपल्याकडे सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असणं काही नवीन नाही, त्यामुळे आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. आणि लाइव्ह एसएमपीएस (पॉवर सप्लाय) उघडून काम करताना स्ट्रॅप काढून ठेवायचा, तिथे आपल्याला अर्थ झालेलं असणंच धोक्याचं.

किट येईपर्यंत जुगाड: डेस्कटॉपचा एसएमपीएस कॅबिनेटला कसलेला असू दे, तीन पिन सॉकेटला लावा पण बटण बंद. आपल्याकडचं बटण फक्त फेज तोडतं, अर्थ जोडलेलाच राहतो. बोर्ड उचलायच्या आधी दर वेळी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावायचा. खुर्चीवरून उठून आलात की परत लावायचा, इथेच सगळे विसरतात.

प्रश्न – आम्ही कुडाळचे, इथे हवा कायम दमट, मग आम्हाला याची गरज नाही ना? आणि बोर्ड कुरिअरने पाठवायला गुलाबी पिशवी चालेल का?

उत्तर – ताई, कोकणात धोका कमी, पण एसीच्या खोलीत बसून काम करत असाल तर हवा तिथेही कोरडी होते. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज पकडत नाही एवढंच, बाहेरून आलेला स्पार्क ती अडवत नाही, त्यामुळे कुरिअरला चंदेरी शिल्डिंगची पिशवी घ्या, फाटकी नको, तोंड दुमडून बंद करा आणि मगच वरून बबल रॅप. थर्माकोल बोर्डला चिकटून अजिबात नको, सेलोटेपसुद्धा पिशवीच्या बाहेरून, कारण टेप ओढून काढतानाच चांगला हजारो व्होल्टचा चार्ज तयार होतो. आणि हो, त्या चंदेरी पिशवीवर बोर्ड ठेवून सप्लाय देऊ नका, टेस्टिंगला साधा पुठ्ठा बरा.