‘मॅडम, त्याला आम्ही आवडतच नाही’

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत लोक येतात ते सासू-सुनेचं घेऊन, पोराच्या दहावीचं घेऊन, नवऱ्याच्या दारूचं घेऊन. एकोणीस वर्षं हेच ऐकत आले आहे. लॉकडाउननंतर मात्र एक नवीन वाक्य कानावर येऊ लागलं, आणि आता ते इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर लिहायलाच हवं. कुणी बदली झालेल्या मित्राचा कॉकाटील, म्हणजे तुरेवाला छोटा परदेशी पोपट, घेतलेला असतो, कुणी परदेशी गेलेल्या भाच्याचा आफ्रिकन ग्रे, म्हणजे राखाडी रंगाचा बोलका पोपट. मायेनं, हौसेनं घरी आणलेला. महिना-दोन महिने जातात. पक्षी चावतो, ओरडतो, छातीची पिसं उपटतो, नाहीतर कोपऱ्यात गप्प बसून राहतो. पक्ष्यांचे एक डॉक्टर आहेत, ते आधी सगळं तपासतात आणि आजार सापडला नाही की माणसांना माझ्याकडे पाठवतात. माणसं बसता बसता म्हणतात, ‘मॅडम, त्याला आम्ही आवडतच नाही. आमचं काही चुकलं का?’

त्यातल्या एका घराची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका गुळाचे व्यापारी. मार्केट यार्डातली गादी पुतण्याकडे सोपवून घरी बसलेले. उजव्या अंगठ्याला पट्टी. काकू शेजारी, मांडीवर पिशवी घट्ट धरून. बेळगावच्या एका निवृत्त शिक्षिका मुलीकडे बेंगळुरूला राहायला गेल्या आणि त्यांचा नऊ वर्षांचा आफ्रिकन ग्रे ओळखीतून यांच्याकडे आला.

‘काजू घातले, बदाम घातले,’ काका सांगत होते. ‘नवा पिंजरा आणला, चांगला मोठा. नाव ठेवलं राजा. हात पुढं केला की कचकन चावतंय. आणि दिवसभर त्या बाईंच्या आवाजात ओरडतंय, ‘पुट्टा, बा इल्ली, पुट्टा, बा इल्ली.’ आमच्याच घरात आम्ही पाहुणे झालोय बघा.’

‘मग तुम्ही काय करता?’

‘टीव्हीचा आवाज वाढवतो. विसरेल की हळूहळू.’

‘म्हणजे काय हो, बा इल्ली?’

‘कुणास ठाऊक. कानडी हाय.’

तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या. ‘इकडं ये म्हणतंय. पुट्टा म्हणजे बाळ्या.’

काकांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. काकूंचं माहेर चिक्कोडीकडचं. लग्नाला अडतीस वर्षं झाली. ‘हिला कानडी येतंय हे मीच विसरलो होतो,’ काका म्हणाले, आणि मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

खरी गाठ कुठं आहे ते मला तिथंच दिसलं. पण आपल्याला दिसलं म्हणून लगेच बोलून दाखवायचं नसतं. पुढच्या वेळी मी काकूंना एकट्यांना बोलावलं.

सुरुवात पक्ष्याचीच झाली. घरी आल्यापासून त्याचं काय काय बदललं ते त्या बोटांवर मोजत होत्या. पिंजरा बदलला. जुनी स्टीलची वाटी काठाला चेपलेली होती म्हणून भांडीवालीला दिली. खाणं बदललं. निजायच्या वेळी पिंजऱ्यावर टाकायचा जुना सुती पडदा फेकला. नाव बदललं. पाचव्या बोटाशी त्या थांबल्या.

‘माझंबी बदललंतं,’ म्हणाल्या. ‘लग्नात. ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं नाव काढलं. मला कुणी विचारलं न्हवतं. वर्षभर हाक मारली तरी माझ्या ध्यानातच यायचं न्हाई की मलाच बोलवायलेत. सासूबाई म्हणायच्या, बहिरी हाय का काय ही.’ मग त्या एकदम गप्प झाल्या. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. ‘तसंच व्हय हे, मॅडम?’

मी काहीच बोलले नाही. या कामात मी जे काही कमावलं असेल, त्यात अशा वेळी तोंड मिटून बसणं ही माझी सगळ्यात मोठी कमाई आहे. त्या रडल्या. आणि डोळे पुसत स्वतःच म्हणाल्या, ‘वाटी परत आणाय पाहिजे.’

माहेरचं नाव त्यांनी मला सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाला मी माझा गुरू मानते. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आईपासून दूर, इस्पितळात ठेवलेली लहान मुलं पाहिली. मूल आधी आकांत करतं, मग खचून गप्प होतं, आणि शेवटी सगळ्यांशी नीट वागू लागतं. नर्सना वाटतं, रुळलं. प्रत्यक्षात त्याने आशा सोडलेली असते. पक्षी म्हणजे माणसाचं मूल नव्हे, हे मला कळतं. पण आफ्रिकन ग्रे जोडीनं आणि थव्यात जगणारा जीव आहे, चाळीस वर्षांच्या पुढेही जगू शकतो. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९७७ पासून तीस वर्षं अ‍ॅलेक्स नावाच्या ग्रेबरोबर काम केलं; तो रंग, आकार, सहापर्यंतच्या संख्या ओळखून सांगायचा. अशा जिवाचं घर गेलं तर त्याला ते कळणारच. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, ओरडणारा पोपट बघून घाबरू नका. तो अजून हाक मारतोय. मला काळजी वाटते ती गप्प झालेल्याची.

आणि आपण काय करतो? त्याची हाक बंद करायला बघतो. नवं नाव, नवा पिंजरा, नवी भाषा, सगळं एकाच दिवशी. जुनं विसरल्याशिवाय तो आपला होणार नाही अशी आपली समजूत असते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. जुनं घर ज्या घरात मावतं, तिथंच तो नव्याने जीव लावतो.

म्हणून पक्षी घ्यायला जाल तेव्हा त्याच्या जुन्या माणसाजवळ तासभर बसा. कुठल्या शब्दाने त्याला बोलावतात, पहिलं खाणं किती वाजता, निजताना काय म्हणतात, कशाला घाबरतो, हे विचारून घ्या. पिंजरा, वाटी, झोपेचा पडदा मागून आणा. नवा पिंजरा घ्यायचाच असेल तर आधी काही आठवडे शेजारी नुसता ठेवा. पाठीशी भिंत असलेला कोपरा द्या, म्हणजे मागून कुणी येईल ही भीती राहत नाही. दहा-बारा तासांची झोप त्याला लागतेच. आपल्या घरात मालिका अकरापर्यंत चालतात, तेव्हा निजायला वेगळी खोली बघा. स्वयंपाकघराजवळ मुळीच ठेवू नका. नॉनस्टिकचा तवा फार तापला तर त्याचा धूर पक्ष्याचा जीव घेतो. धूप, अगरबत्ती, मच्छर कॉइलही लांब ठेवा. चहा, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो अजिबात देऊ नका. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेला असेल तर खाणं बदला, पण हळूहळू, रोज वजन करत. आणि पिसं उपटत असेल तर माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांकडे जा. डोक्यावरची पिसं शाबूत आणि छाती उघडी असेल तर तो स्वतःच उपटतोय हे नक्की, कारण डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही.

काकूंनी भांडीवालीकडून वाटी परत मिळवली. त्या दिवशी दुपारी काका झोपलेले असताना त्या पिंजऱ्यापासून चार हातांवर शेंगा सोलत बसल्या, अंग जरासं फिरवून, थेट त्याच्याकडे न बघता. आणि शेंगांकडेच बघत म्हणाल्या, ‘पुट्टा, ऊटा आतेन?’ जेवलास का? मला हे सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. पक्षी एक पाय पोटाशी घेऊन बसला होता. त्याने तो खाली टेकवला. डोळ्यांतलं काळं टिंब लहान झालं, मोठं झालं, पुन्हा लहान झालं. मग दांडीवरून आडवा सरकत तो त्यांच्या बाजूच्या टोकाला आला आणि तिथंच थांबला. बस, एवढंच झालं. हातावर आला नाही, बोलला नाही. काकू म्हणाल्या, ‘मला कुणीतरी ओळखलं असं वाटलं बघा.’ त्यांनी ‘मला’ म्हटलं होतं. मी ते वहीत तसंच उतरवून घेतलं.

त्यानंतर अकरा दिवसांनी त्याने हातातून शेंगदाणा घेतला. हातावर यायला सात आठवडे लागले. लोक मला विचारतात, किती दिवस लागतील? मी दिवस सांगत नाही. दिवस मोजणाऱ्या माणसाची घाई हाताच्या बोटांत उतरते आणि ती पक्ष्याला दिसते.

काकांचं काम जास्त अवघड होतं. आमच्या कोल्हापुरात प्रेम म्हणजे आग्रह. पाहुणा नको म्हणाला तरी तांबड्या-पांढऱ्याची वाटी पुन्हा भरायची, ‘घे की, घे की’ करत. माणूस लाजेखातर घेतो. पक्ष्याला लाज नसते, त्याचं ‘नको’ खरं असतं. आधी तो पिसं अंगाशी घट्ट आवळतो, मग अंग मागे घेतो, मग चोच उघडतो. हे तीन ‘नको’ काकांनी ऐकले नाहीत की चौथा अंगठ्यावर उमटायचा. मी त्यांना म्हटलं, ‘काका, तो पहिल्यांदा नको म्हणतो तेव्हाच हात मागे घ्या. रोज. काही मागू नका. त्याच्यासमोर बसून तुम्हीच शेंगा खा.’

‘आणि त्याला द्यायचं न्हाई?’

‘वाटीत ठेवा आणि विसरून जा.’

‘मॅडम, हे मला जमायचं न्हाई.’

पण जमवलं त्यांनी. रोज सकाळी पेपर घेऊन बसायचे आणि गुळाचे भाव मोठ्याने वाचायचे. ज्याचं ‘नको’ मानलं जातं त्यालाच मनापासून ‘हो’ म्हणता येतं, हे मी नवराबायकोंना वर्षानुवर्षं सांगत आले आहे. त्या दोघांना ते एका पक्ष्याने सांगितलं. पुढे तो डोकं खाली घालून मानेची पिसं फुलवू लागला, म्हणजे खाजवून द्या. तेव्हाही फक्त डोकं आणि मान. पाठीवरून हात फिरवणं ग्रेला जोडीदाराची सलगी वाटते आणि नंतर तोच चिडतो. रात्री पडद्याआडून चोच घासल्याचा कुरकुर आवाज येतो, तो काळजीचा नाही. तो निवांत झाल्याची खूण आहे.

सगळ्यांचंच असं जुळत नाही. शिवाजी पेठेतल्या एका कॉलेजच्या मुलाला मी स्वतः सांगितलं की तुझा कॉकाटील दिवसभर माणूस घरी असेल अशा घरी दे. त्यानं दिला. त्यात कुणाचाही पराभव झाला नाही. आणि कुणी हिरवा, लाल कंठाचा आपला देशी पोपट घेऊन आलं तर माझं उत्तर एकच असतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळता येत नाही. झाडाच्या ढोलीतून पिल्लं काढून तो विकला जातो. वन विभागाकडे द्या. ग्रेसारख्या परदेशी पक्ष्याचीही नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते, आणि पक्षी हस्तांतरित झाला तर तेही कळवावं लागतं. काकांनी माझ्यासमोर बसून ती नोंद पुरी केली.

दिवाळीत काकूंनी विचारलं, बेळगावच्या बाईंशी त्याला फोनवर बोलू द्यायचं का? जखम उघडी पडेल का? मी म्हटलं, तुम्हाला माहेरचा फोन नको वाटायचा का? त्यांनी लावला. बाई बोलत होत्या आणि पक्षी मान तिरकी करून ऐकत होता. त्या संध्याकाळी त्याने फारसं खाल्लं नाही. काकू पिंजऱ्याजवळ बसून राहिल्या, काही न बोलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचाच फोन आला. पेपर वाचत बसले असताना पिंजऱ्यातून आधी बाईंच्या आवाजात ‘पुट्टा, बा इल्ली’ आलं, आणि पाठोपाठ, हुबेहूब काकांच्या आवाजात, ‘घे की.’

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘घेतला की शेंगदाणा,’ काका म्हणाले. ‘खाल्ला.’