‘दहावी होऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्या घरासाठी

ताई, ‘आत्तापासून काय तयारी करू?’ असं विचारणारं तुमचं लांबलचक पत्र वाचलं. मुलगा नववीत आहे, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व आहे आणि घरचे म्हणतात, ‘दहावी होऊ दे, मग बघू.’ मी नागपुरात वीस वर्षं विशेष शिक्षिका होते. हे ‘मग बघू’ ज्या घरांत ऐकलं, त्यांतली कितीतरी पोरं दहावीनंतर टीव्हीसमोर बसलेली पाहिली. अमेरिकेत विशेष शिक्षण घेणारं मूल सोळाचं व्हायच्या आत त्याच्या पुढच्या आयुष्याची योजना लेखी करणं शाळेवर कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडे ती वही आईलाच उघडावी लागते.

कागदं आधी उरका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं का, आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला मुदत आहे का, ते बघा. लहानपणीचं प्रमाणपत्र बरेचदा तात्पुरतं असतं. ते नेमकं दहावीच्या वर्षी संपलं की अभ्यास सोडून सरकारी दवाखान्याच्या चकरा. परीक्षेत लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ हवा असेल तर शाळेत आत्ताच विषय काढा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत 5 टक्के जागा राखीव आहेत.

पण खरं काम वेगळंच आहे. पहिलं, त्याला एकट्याला प्रवास जमायला हवा. माझ्या एका विद्यार्थ्याला सुभाषनगरहून अजनी चौकात बायंडिंगच्या दुकानात जायचं होतं. म्हणजे सीताबर्डीला मेट्रो बदलायची. पहिला आठवडा मी त्याच्या बाजूला बसले, दुसऱ्या आठवड्यात दोन सीट मागे, तिसऱ्यात त्याची आई नुसती अजनी चौकात उभी. मग एके दिवशी पोट्टा खापरीऐवजी उलट दिशेच्या, ऑटोमोटिव्ह चौकाच्या गाडीत चढला! झिरो माइलला उतरला, गार्डला खिशातली चिठ्ठी दाखवली आणि पंधरा मिनिटं उशिरा दुकानात पोचला. आई रडत होती, मी पेढे आणले. चुकल्यावर कोणाला विचारायचं, हे त्याला जमलं होतं ना!

दुसरं, स्वतःची अडचण त्यानं स्वतः सांगायची. ‘मला एका वेळी एकच काम सांगा’ हे वाक्य आम्ही घोटून घेतलं. तुम्ही शेजारी बसून त्याच्या वतीनं बोलता ना? मीही बोलायची. ते सोडा. आणि हे फक्त दिव्यांग मुलांचं नाही बरं. माझी स्वतःची पोरगी 92 टक्के घेऊन पुण्याला होस्टेलवर गेली, तर तिला बँकेची स्लिप भरता येत नव्हती.

अठरा पूर्ण झाले की कायद्यानं तुम्ही त्याचे पालक राहत नाही. एका आईला हे बँकेच्या काउंटरवर कळलं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालकत्व देते. पण म्हणून सगळ्यांनी अर्ज टाकायलाच हवा असं नाही. सही आणि हिशेब त्याला समजत असेल तर त्याचं खातं त्यालाच चालवू द्या; तुम्ही बाजूला बसा.

येत्या रविवारी शंभराची नोट देऊन त्याला एकट्याला भाजी आणायला पाठवा. उरलेले पैसे त्यानंच मोजायचे.

आणि एक. एवढं मोठं पत्र लिहिलंत, पण त्याला काय आवडतं ते कुठंच नाही. त्याला विचारून मग लिहा.