टोकन बुडालं तरी चालेल, पुढचा हप्ता थांबवा

प्रश्न: मी 44 वर्षांचा, पत्नी 41 वर्षांची. दोघंही नोकरी करतो. ‘लकी ड्रॉमध्ये तुमचं नाव आलंय’ असं सांगून एका कंपनीने आम्हाला हॉटेलात बोलावलं आणि मोकळ्या जमिनीवरच्या प्रकल्पाचं सादरीकरण दाखवलं. पुढच्या रविवारी त्यांच्याच बसने जागा पाहून आलो. आज तिथे माळरान आहे. रस्ते, वीज, पाणी, क्लबहाऊस अडीच वर्षांत होणार म्हणतात. त्याच दिवशी किमतीच्या 2 टक्के टोकन दिलं. आता दहा दिवसांत 40 टक्के आणि सहा महिन्यांत उरलेले पैसे द्यायचे आहेत. तोवर अलॉटमेंट लेटर मिळेल, खरेदीखत प्रकल्पाला परवानगी आल्यावर होईल. 5 वर्षांनी आम्हाला प्लॉट नको असेल तर कंपनी दीडपट किमतीला परत घ्यायला तयार आहे, ‘म्हणजे वर्षाला 10 टक्के’. पैशांसाठी मुलीच्या शिक्षणाच्या ठेवी मोडून वर पर्सनल लोन घ्यावं लागेल. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. पत्नीचा विरोध आहे, मला मात्र संधी सोडवत नाही. काय करू?

उत्तर: हा हप्ता भरू नका. प्रकल्प बनावट आहे असं मी म्हणत नाही, तुमच्या पत्रावरून ते ठरवताही येणार नाही. कदाचित क्लबहाऊससुद्धा वेळेत उभं राहील. पण ज्या अटींवर तुमच्याकडे पैसे मागितले जाताहेत, त्या अटींवर सोन्यासारख्या जमिनीचेही पैसे देऊ नयेत.

तुम्हाला वाटतंय तुम्ही जमीन घेताय. कागदावर तसं काही दिसत नाही. खरेदीखत होईपर्यंत जमीन दुसऱ्याच्या नावावर राहणार, ते कधी होणार हे परवानगीवर अवलंबून, परवानगी कधी येणार हे कोणीच लिहून देत नाही. पूर्ण पैसे मात्र सहा महिन्यांत तुमच्या खिशातून गेलेले असतील. म्हणजे तुम्ही कंपनीला बिनतारण कर्ज देताय आणि त्याबदल्यात एक पत्र घेताय.

ही पद्धत जुनी आहे. 1946 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाउई कंपनीचं प्रकरण आलं होतं. फ्लोरिडातल्या संत्र्या-मोसंबीच्या बागांच्या पट्ट्या ही कंपनी लोकांना विकायची आणि बागेची निगा राखण्याचा करार सोबत असायचा. घेणारे बहुतेक परगावचे, शेतीशी संबंध नसलेले. त्यांतले बरेच जण बागांशेजारी कंपनीच्याच हॉटेलात उतरलेले पाहुणे. न्यायालय म्हणालं, दुसऱ्याच्या मेहनतीतून नफा मिळेल या भरवशावर पैसे घातले जात असतील तर ती गुंतवणूक योजना आहे, नुसती जमीनविक्री नव्हे. इंग्लंडमध्ये असेट लँड नावाच्या कंपनीने मोकळ्या जमिनीचे छोटे तुकडे विकले. पुढे बांधकामाची परवानगी मिळवू, मग सगळी जागा बिल्डरला विकू, अशी त्यामागची गोष्ट. 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ती विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली. आणि आपल्याकडे पीएसीएल सगळ्यांना आठवत असेलच. शेतजमिनीच्या नावाने गोळा केलेले 49,100 कोटी रुपये परत करा, असा आदेश भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने ऑगस्ट 2014 मध्ये दिला होता. तिन्ही ठिकाणी लोकांना वाटत होतं की आपण जमीन घेतोय, आणि जमीन कुठे पळून जाते!

म्हणून तुमच्या व्यवहारातली जमीन किती आणि आश्वासन किती, हे वेगळं काढून बघा. मोकळी जमीन एकरावर विकली जाते, प्लॉट चौरस फुटांवर. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. रस्ते आणि मोकळ्या जागा सोडून समजा 60 टक्के भाग प्लॉट म्हणून उरला, तर साधारण 26,000 चौरस फूट झाले. आता कंपनीची बस सोडून स्वतः तिथे जा. आजूबाजूच्या जमीनमालकांकडे एकराच्या भावाची चौकशी करा. अलीकडे झालेल्या एखाद्या नोंदणीकृत व्यवहाराचा आकडा मिळाला तर उत्तम, कारण तोंडी भाव फुगवून सांगायची सवय सगळीकडेच असते. त्या भावाला 26,000 ने भागलं की कच्च्या जमिनीचा दर मिळेल. कंपनीचा दर त्याच्या दुप्पट निघाला तर तुमचे निम्मे पैसे जमिनीचे आणि निम्मे आश्वासनाचे. चौपट निघाला तर दर चार रुपयांतले तीन तुम्ही अजून न झालेल्या गोष्टींसाठी आगाऊ मोजताय. विकासाला खर्च येतो आणि कंपनीने नफा कमवावा, यात वावगं काही नाही. पण काम होईल तसे पैसे देणं वेगळं आणि पहिल्या सहा महिन्यांत सगळे हातावर ठेवणं वेगळं.

आता ते ‘वर्षाला 10 टक्के’. 50 ला 5 ने भागून 10 काढणं हा चक्रवाढ न शिकलेल्या मुलाचा हिशेब झाला. 5 वर्षांत 100 चे 150 होणं म्हणजे वर्षाला 8.4 टक्के. त्यातही नोंदणी, मुद्रांक शुल्क, वकील यांचा खर्च धरलेला नाही. हे आकडे ठिकाणाप्रमाणे बदलतात, तरी उदाहरणादाखल 100 मागे 7 धरू. प्रकल्पाची देखभाल वर्षाला 1 आणि परत देताना हस्तांतर शुल्क 2. म्हणजे सुरुवातीला 107 घातले, दर वर्षी 1 देत गेलो आणि शेवटी 148 हाती आले. परतावा 6 टक्क्यांच्याही खाली येतो, कर अजून बाकीच आहे. पर्सनल लोनचं व्याज याहून बरंच जास्त असतं. थोडक्यात, सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं तरी उसन्या पैशांच्या भागावर तुम्ही तोट्यातच आहात.

आणि सगळं ठरल्याप्रमाणे पार पडेलच का? बायबॅकचं, म्हणजे प्लॉट परत विकत घेण्याचं, वचन कधी उपयोगी पडेल याचा विचार करा. भाव चढले तर तुम्ही कंपनीला प्लॉट देणारच नाही. भाव पडले किंवा प्रकल्प रखडला तर सगळेच प्लॉटधारक एकदम परत द्यायला जातील आणि नेमकं तेव्हाच कंपनीकडे पैसे नसतील. त्यांना एकच विचारा: या वचनामागे बँक गॅरंटी, म्हणजे तुम्ही पैसे दिले नाहीत तर बँक देईल अशी लेखी हमी, देता का? उत्तर नाही असेल तर त्या कलमाची किंमत शून्य धरा.

प्लॉट बाजारात विकू म्हणाल, तर तिथेही एक मेख आहे. अशा प्रकल्पात वर्षानुवर्षं कंपनीचेच न विकलेले प्लॉट पडून असतात. तिच्याकडे बस आहे, हॉटेल आहे, भेटवस्तू आहेत, कमिशनवर पळणारी पोरं आहेत. तुमच्याकडे एक फोन नंबर. गिऱ्हाईक कोणाकडे जाईल? कंपनीचा 5-6 वर्षांपूर्वीचा एखादा प्रकल्प असेल तर तिथले दोन-तीन प्लॉटधारक गाठा. घर बांधलंत का, विकायला काढला तर कोणी घेतलं का, कितीला, एवढंच विचारा. कंपनीने स्वतः जोडून दिलेले ‘समाधानी ग्राहक’ यात धरू नका.

त्या दोन रविवारांबद्दलही लिहितो, कारण तुमच्या मनातली ‘संधी’ तिथेच तयार झाली आहे. तुम्ही बसला असताना कोणीतरी मोठ्याने ‘अमुक नंबर गेला’ असं सांगितलं असेल. भिंतीवरच्या नकाशावर लाल टिकल्या वाढत गेल्या असतील. ‘आजचाच दर’ तर असतोच. पुढच्या आठवड्यात जाऊन बघा, तोच दर ‘खास तुमच्यासाठी’ पुन्हा मिळतो. मग ‘तुम्ही दोघं बोलून घ्या’ म्हणून पाच मिनिटं एकटं सोडतात. 1960 च्या दशकात फ्लोरिडात दलदलीचे प्लॉट विकणाऱ्या गल्फ अमेरिकन कंपनीच्या विक्रेत्यांनी अशा खोल्यांमध्ये चोरून ऐकायची यंत्रं बसवल्याचं पुढे उघड झालं. नवरा-बायकोची शंका ऐकायची आणि आत येऊन नेमकं तिचंच उत्तर द्यायचं. तुमच्या बाबतीत असं झालं असेल असं मुळीच म्हणत नाही. पण शंका घेणाऱ्या जोडीदाराला एकटं पाडणं हा या धंद्यातला शिकवलेला डाव आहे. पत्नीने विरोध कशामुळे केला हे पत्रात तुम्ही लिहिलेलंच नाही. तिला विचारा आणि तिची कारणं कागदावर उतरवून घ्या.

अंतराचंही तसंच. माहितीपत्रकातल्या नकाशाला बहुधा प्रमाणच नसतं, आणि ‘प्रस्तावित’ हा शब्द भिंगातून वाचावा लागतो. चार्ल्स पॉन्झी, ज्याच्या नावाने आजही फसव्या योजना ओळखल्या जातात, त्याने 1925-26 च्या सुमारास फ्लोरिडात जमीनही विकली होती. ‘जॅक्सनव्हिलजवळ’ म्हणून विकलेले प्लॉट प्रत्यक्षात शहरापासून 100 किलोमीटरच्या आसपास होते. तुम्ही कंपनीच्या बसने गेलात, त्यामुळे किती वेळ लागला याचा अंदाज आला नसेल. एकदा कामाच्या दिवशी स्वतः गाडी चालवत जा, आणि पावसाळ्यात नक्की जा. कोरड्या माळावर सगळंच उंचावर दिसतं.

कागद बघताना पहिलं काम: करार मागून घ्या आणि त्यात दोन वाक्यं शोधा. ‘माहितीपत्रकातील मजकूर व चित्रे कराराचा भाग नाहीत’ हे एक. ‘रेखांकनात (म्हणजे प्लॉट आणि रस्त्यांच्या आराखड्यात) बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील’ हे दुसरं. पहिल्याने क्लबहाऊस जातं, दुसऱ्याने तुमचा प्लॉट. प्रवेशद्वाराजवळचा कोपऱ्याचा प्लॉट दाखवायचा आणि पुढे सुधारित नकाशात तोच नंबर ओढ्याकाठी न्यायचा, हे अगदी नेहमीचं. विक्रेता हसून म्हणेल, ‘साहेब, हे सगळ्याच करारांत असतं.’ असतं खरं. म्हणूनच बदलून मागायचं. तोंडी दिलेली प्रत्येक गोष्ट तारखेसह आणि उशीर झाल्यास भरपाईसह करारात यायला हवी.

बाकीचं काम स्वतःच्या वकिलावर सोपवा, कंपनीच्या पॅनेलवरच्या नाही. जमीन मुळात कंपनीच्या नावावर आहे की मूळ मालकांशी तिचं नुसतं साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, आहे, त्यावर कोणत्या बँकेचा बोजा आहे का, मालकीची साखळी मागे कुठपर्यंत सलग जाते, जमिनीचा वापर निवासी आहे का, हे तो पाहील. अधिकृत मोजणी होऊन हद्दीच्या खुणा रोवलेल्या हव्यात. आणि रस्ता! दुसऱ्याच्या शेतातून जाणारी वाट आज तुमच्यासाठी उघडी आहे, पण तिचा हक्क नोंदलेला नसेल तर उद्या तिथे कुंपण उभं राहू शकतं. पाण्याचं विचारायचं तर शेजारच्या बोअरचं विचारा: किती फुटांवर लागलं आणि उन्हाळ्यात चालतं का.

अमेरिकेत असल्या विक्रीला आळा घालायला 1968 मध्ये कायदा झाला. त्याखाली येणाऱ्या प्रकल्पांत सही घेण्याआधी जमिनीचा सविस्तर अहवाल ग्राहकाच्या हाती द्यावा लागतो आणि सहीनंतर 7 दिवसांत करार रद्द करता येतो. तुम्हालाही दहा दिवस मिळालेत, फक्त ते पैसे जमवण्यासाठी. ते पडताळणीसाठी वापरा.

मग काहीच करायचं नाही का? जमीन हवीच असेल तर माझ्या अटी अशा: मंजूर रेखांकन आणि मोजणी हातात आल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे नाहीत, तेही नोंदणीकृत करारावर. उरलेले काम होईल तसे, आणि शेवटचा मोठा हिस्सा खरेदीखताच्या दिवशी. कर्ज काढायचं नाही. शिक्षणाच्या ठेवींना हात लावायचा नाही, कारण दोन वर्षांनी फी भरायच्या दिवशी प्लॉट विकला जाईलच याची हमी नाही. मोकळी जमीन विकायला महिने लागतात, कधी वर्षं. या ठेवी आणि अडीअडचणीचा निधी बाजूला काढून जे उरतं, त्यातलाही फार तर पाचवा हिस्सा जमिनीत असावा. तेवढ्यात हा प्लॉट बसत नसेल तर हा प्लॉट तुमचा नाही.

टोकनचं म्हणाल तर तेच तुम्हाला ओढतंय. 2 टक्के वाया जाऊ नयेत म्हणून 98 घालायला निघाला आहात. आजच कंपनीला ईमेल करा: मंजूर रेखांकन, मालकीचे कागद आणि कराराचा मसुदा मिळाल्यावर पुढच्या हप्त्याचा निर्णय कळवू; ही कागदपत्रं मिळत नसतील तर बुकिंग रद्द करून टोकन परत करावं. प्लॉट नंबर, दर, सोयी, बायबॅक, विक्रेता तोंडी जे बोलला ते सगळं त्याच ईमेलमध्ये मुद्देवार लिहा आणि ‘हे बरोबर आहे का ते कळवा’ म्हणा. उत्तर फोनवर आलं तर पुन्हा लेखी मागा. टोकनची पावती, अलॉटमेंटचा फॉर्म, लकी ड्रॉचा मेसेज जपून ठेवा. पैसे अडले तर ग्राहक आयोगात हेच लागतं. आणि ठेवी मोडायचा अर्ज बँकेत दिला असेल तर उद्या सकाळी जाऊन मागे घ्या.