अलीकडे वाचलेली आणि चित्रपट म्हणूनही तितकीच आवडलेली कादंबरी कोणती? आधी पुस्तक वाचावं की आधी चित्रपट पाहावा?

‘शाळा’. मिलिंद बोकिलांची कादंबरी 2004 ची, सुजय डहाकेंचा चित्रपट 2012 मध्ये थिएटरात आला. नववीतला जोशी, त्याचे मित्र सुऱ्या, चित्र्या, फावड्या आणि त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर, यांची ती गोष्ट. तुम्ही विचारलंत ते नेमकं माझ्या घरातल्या जुन्या भांडणाचं कारण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या थोरल्या भावाचं ठाम मत आहे की पिक्चर पाहिला की पुस्तक झालंच. ‘नटरंग’ पाहून आला तेव्हा आनंद यादवांची कादंबरी मी त्याच्या हातात दिली होती, तर म्हणाला, ‘‘गोष्ट कळली ना, आता परत कशाला?’’ ‘दुनियादारी’च्या वेळीही तेच. सुहास शिरवळकरांचं ते पुस्तक हातोहात फिरून खिळखिळं झालेलं मी पाहिलंय. त्याची किंमत एका गाजलेल्या पिक्चरमुळे संपते हे मला कधीच पटलेलं नाही.

यंदा मे महिन्यात त्याची मुलगी माझ्याकडे राहायला आली. नववीत गेलेली, ‘शाळा’ पिक्चर टीव्हीवर पाहिलेला. कपाटातून तिने स्वतःहून कादंबरी काढली आणि मग दोन घास खायचे, एक पान उलटायचं, असं चालू झालं. तिला न्यायला दादा आला त्या रात्री जेवताना पुस्तक ताटाशेजारी पालथं. दादा म्हणाला, ‘‘पिक्चर पाहिलायस ना तू? मग परत तेच काय वाचतेस?’’ ती म्हणाली, ‘‘बाबा, तेच नाहीये हे.’’ आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘आत्या, पिक्चरमध्ये शिरोडकरकडे बघूनच कळतं की तिलाही जोशी आवडतो. इथे कळतच नाही. ती खरंच लाइन देतेय की याला नुसतं वाटतंय?’’

माझा घास हातातच राहिला. समीक्षक पानंच्या पानं लिहितात ते या पोरीने एका वाक्यात पकडलं होतं. कादंबरी सगळी जोशीच्या तोंडून आहे. शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याच्या डोळ्यांतून, त्याच्या शंकाकुशंकांतून. तिने वळून पाहिलं की नाही, पाहिलं तर त्याचा अर्थ काय, याचा कीस तो पाडत राहतो आणि आपणही त्याच्याबरोबर अडकतो. चित्रपटात मात्र कॅमेरा केतकी माटेगावकरच्या चेहऱ्यावर गेला की ती मुलगी जोशीच्या डोक्यातून बाहेर पडते. तिला स्वतःचं मन मिळतं. हे चित्रपटाने घातलेलं आहे आणि मला ते फार आवडतं. पण त्याच्या बदल्यात ती घालमेल जाते. आणीबाणीच्या दिवसांतलं ते रेंगाळणारं वर्ष, अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसून मारलेल्या गप्पा, हे दोन तासांत मावणारच नाही. चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा आणि रूपांतरित पटकथेचा, असे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते योग्यच होतं. तरीही तो कादंबरीच्या जागी उभा राहत नाही. शेजारी उभा राहतो.

दादाने यावर काय म्हणावं? ‘‘तीनशे पानं वाचून एवढंच कळायचं असेल तर राहू दे.’’ मी त्या रात्री फार बोलले नाही, मुलीसमोर नको म्हणून.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दलही बोलते, कारण तेही तितकेच चुकतात. ‘पुस्तकातलं अमुक पिक्चरमध्ये नाही’ अशी यादी करणारे. मूळ कादंबरीला धक्का लावायचा नाही असं ठरवलेल्या माणसाने सिनेमा काढूच नये. 1979 चा राजकारणावरचा ‘सिंहासन’ बघा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत गुंफल्या आणि जब्बार पटेलांनी त्यातून सलग चित्रपट उभा केला. काय ठेवायचं, काय सोडायचं याची छाती लागते. खलनायक म्हणून ज्यांना बायका शिव्या घालत त्या निळू फुल्यांना दिगू टिपणीस हा पत्रकार करायला दिला. शेवटी रस्त्यात दिगू वेड्यासारखा हसत सुटतो ते हसणं कागदावर उतरवता येणार नाही. ‘जैत रे जैत’चंही तेच. गोनीदांच्या, म्हणजे गो. नी. दांडेकरांच्या, लिहिण्यात ठाकर आदिवासींच्या बोलीचा जो ठेका आहे तो पडद्यावर ना. धों. महानोरांच्या शब्दांत आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत आला. लिंगोबाचा डोंगर आणि मधमाश्यांच्या राणीमाशीवर सूड उगवायला निघालेला नाग्या मला आजही आधी ऐकू येतो, मग दिसतो.

राहता राहिला तुमचा आधी काय नि नंतर काय हा प्रश्न. क्रमाने फारसं बिघडत नाही, माझ्या भाचीचं कुठे बिघडलं? फक्त एकावर थांबू नका. अर्थात हे मी चांगल्या रूपांतरांबद्दल बोलतेय. नुसतं गाजलेलं नाव वापरून काढलेला चित्रपट असेल तर सरळ पुस्तक घ्या. आणि मी वर नावं घेतली ती सगळी मराठी आहेत, कारण मी वाचते ते मराठीच. इंग्रजीवाल्यांचं ते जाणोत.

दादा, तू इथली माझी उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ तुझ्या लेकीच्या बॅगेत घालून पाठवली आहे. दीडशे पानांच्या आसपासचं पुस्तक आहे, अमोल पालेकरांचा पिक्चर बघायला लागतो त्यापेक्षा फार जास्त वेळ लागणार नाही. बैलाच्या जागी शेकूची बायको स्वतः जुवाला मान देते तिथपर्यंत तरी वाच, आणि मग गणपतीत भेटू तेव्हा सांग की गोष्ट कळली म्हणजे झालं.