शिल्पशंका : भंगार प्लास्टिक भिंतीवर का टिकत नाही?

प्रश्न : ब्रिटिश शिल्पकार टोनी क्रॅग यांच्या धर्तीवर आम्ही भंगार प्लास्टिकच्या तुकड्यांतून कॉलेजच्या भिंतीवर दोन बाय तीन मीटरची आकृती करतो आहोत. टेपने चिकटवलेले तुकडे रात्रीत पडतात. जे टिकले, तेही नुसता कचरा वाटतात. काय चुकतंय?
– शिल्पकलेचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आधी पडण्याचं बघू. बादल्या, पाण्याचे मग, बाटल्यांची झाकणं बहुतेक पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात. त्यांना फेव्हिकॉल, अ‍ॅराल्डाइट, टेप, काहीच नीट धरत नाही. शिवाय टेपसोबत डिस्टेंपरचा थरच सुटून येतो. ओळखायचं तर तुकडा पाण्यात टाका. फोम सोडला, तर तरंगणारा तुकडा बहुधा याच दोन जातींतला. पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), पीव्हीसी (पाइपांचं) आणि घट्ट पॉलिस्टायरीन बुडतात. सुई तापवून किंवा जाळून बघू नका, पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो.

तेव्हा गोंद सोडा, खिळे घ्या. तुकडे साबणाने धुऊन वाळवा. कडेपासून किमान एक सेंटिमीटर आत, खाली लाकडाचा ठोकळा धरून, दोन मिलिमीटरचं भोक संथ गतीने पाडा. घाईत प्लास्टिक तडकतं. उन्हात वर्षानुवर्षं पडलेला तुकडा हलकाच वाकवून पाहा. कट्कन मोडला तर तो भिंतीवर नको, अतिनील किरणांनी तो आतून संपलेला असतो. लांब तुकड्यांना दोन खिळे लागतात, नाहीतर ते फिरतात.

आता संख्या. तुकडा सरासरी आठ सेंटिमीटर आणि मधे दोन सेंटिमीटर फट धरली, तर चौरस मीटरला सुमारे 100, म्हणजे पूर्ण चौकट भरायची झाली तर 600 तुकडे. गोळा करा 900. लाल-निळे ढिगाने मिळतात, जांभळा मात्र शोधत फिरावं लागतं.

कचरा वाटण्याचं कारण बहुधा कड आहे. मोठे तुकडे कडेला लावले की आकृती विरते. आधी फरशीवर खडूने बाह्यरेखा काढा, लहान तुकड्यांनी ती बांधा, मग पोट भरा. फोटो काढून, प्रत्येक तुकड्यामागे क्रमांक घालून मगच भिंतीवर चढवा. आणि स्प्रे रंग मारायचा मोह टाळा! वस्तूचा स्वतःचा, वापरून विटलेला रंग हेच इथलं द्रव्य आहे. ‘न्यू स्टोन्स – न्यूटन्स टोन्स’ (1978) या कामात क्रॅग यांनी सापडलेले तुकडे फरशीवर वर्णपटाच्या क्रमाने मांडले. नावातच दगड आहेत. नदीकाठचा गोटा आणि फुटका प्लास्टिकचा चमचा त्यांना एकाच डोळ्याने दिसतो. ‘ब्रिटन सीन फ्रॉम द नॉर्थ’ (1981) भिंतीवरचं आहे, तुमच्या कामाला तेच जवळचं.

प्रश्न : क्रॅग यांनी शिकवण्याची नोकरी आणि स्वतःचं काम दोन्ही कसं चालवलं?
– वाचक, नागपूर

उत्तर : कलाशाळेआधी ते रबर संशोधनाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, पदार्थांची ओढ तिथली असावी. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टनंतर 1977 साली ते जर्मनीत वुपरटालला गेले आणि लवकरच ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवू लागले. 1988 साली टर्नर पुरस्कार हा ब्रिटनमधला मानाचा कलापुरस्कार मिळाला, व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ब्रिटनचं प्रतिनिधित्वही त्याच वर्षी. 2009 ते 2013 ते अकादमीचे प्रमुख होते. म्हणजे शिकवणं ही नुसती पोटापुरती, बाजूला ठेवलेली नोकरी नव्हती. स्वतःच्या कामात सापडलेलं प्लास्टिकही त्यांनी नंतर मागे सोडलं: ‘अर्ली फॉर्म्स’ या शिल्पमालिकेत बाटल्या-भांड्यांचे आकार ताणून, पिळून ते कांस्यात ओतले.