सेकंडहँड सिटी हायब्रिडचे पावणेचौदा लाख: भाव बरोबर आहे का?

तुम्ही घोडबंदरला राहता, वाशीचा डीलर 2022 ची होंडा सिटी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेली) 13.75 लाखांना देतोय, आणि त्याच वर्षाची पेट्रोल ऑटोमॅटिक तुम्हाला साडेदहात मिळतेय. माझ्या मते तो भाव चढा आहे.

ऑनलाइन दिसतात ते फक्त सांगायचे भाव. तेच फोटो महिनाभर दिसताहेत आणि किंमत हळूहळू उतरतेय, म्हणजे त्या भावाला गिऱ्हाईक नाही. झटकन गायब होणाऱ्या गाड्यांचे आकडे टिपून ठेवा, ते जास्त खरे. शिवाय डीलरला स्वतःच्या मार्जिनवर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. तो शेवटी तुमच्याच खिशातून जातो. घरगुती मालकाकडून थेट घेतली तर ही भानगड नाही.

हिशोब पेट्रोल गाडीपासून सुरू करा. घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते गायमुख रांगेत हायब्रिडचं इंजिन बराच वेळ बंदच असतं. पेट्रोल गाडीचं 12 चं अ‍ॅव्हरेज धरा, हिचं 20. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर 33 लिटर वाचतं, लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाचे चाळीस हजार. बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, म्हणजे 2030 पर्यंत. उरलेल्या चार वर्षांचे एक लाख साठ हजार झाले. टॉप मॉडेलमधल्या होंडा सेन्सिंगचे (कॅमेऱ्याने रस्ता बघून गरज पडली तर आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा) वर चाळीस-पन्नास हजार द्या. पेट्रोल गाडीच्या साडेदहात हे मिळवलं की गाडी साडेबारात बसते, त्यापुढे मी एक रुपया देणार नाही. रोज पनवेल हायवेने जाणार असाल तर आणखी कमी, कारण हायवेच्या वेगाला इंजिनच थेट चाकं फिरवतं आणि बचत आटते.

हे गणित सर्व्हिस रेकॉर्ड कंपनीच्या वर्कशॉपचं असेल तरच. आणि मारुतीची 'स्मार्ट हायब्रिड' सियाझही बघत असाल तर ती नुसत्या बॅटरीवर चालत नाही, तिला पेट्रोल गाडीचाच भाव.

बघायला जाल तेव्हा मागचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, स्टेपनीच्या खळग्यातही टॉर्च मारा. पट्ट्याच्या टोकाला गाळाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती. हायब्रिडची बॅटरी डिकीत असते, त्यामुळे अशी गाडी दहा लाखांत दिली तरी नको म्हणा.